कुंकळ्येकर सरांची वही

रायबंदरच्या जुन्या इस्पितळातून
सर आम्हांला धक्क्यावर न्यायचे,
जाळं सांधणाऱ्या पेद्रूसमोर बसवायचे.
"बोटं बघा त्याची. गाठ ओढत नाही तो,
बसवतो."

आज बांबोळीला त्यांच्या तसबिरीला हार.
भाषणांत पदकं, लिस्बनची पदवी,
शस्त्रक्रियांचे आकडे.

माझ्या पिशवीत त्यांची वही,
बाईंनी दिलेली.
वाचलेल्यांपैकी एकही नाही तीत.
फक्त गेलेले: नाव, गाव, तारीख
आणि काय चुकलं.

पान एकोणिसावं.
आवेलिनो, शिवोली. ऑगस्ट एकोणऐंशी.
धमनीवरची गाठ सुटली.

त्या रात्री गाठ मी मारली होती.

सरांचं अक्षर नेहमीसारखंच, सरळ:
"चूक माझी. शिकवताना घाई केली."

उद्या आठला नवी मुलं येतील.
बेतीहून सुतळी आणलीय,
भरपूर.