घसरगाडी

बदनापूरच्या पुढं, जालन्याकडं जाताना डाव्या हाताला
माझा वजनकाटा. साठ टनी.
त्याच्या मागं, जिथं नुसतं मुरमाड होतं,
लाकडाची गाडी बांधायलेत.
खालून वर जाणारी, वरून पडणारी, पुन्हा वर.
कलीम मिस्त्री तिला रोलर कोस्टर म्हणतो,
गावानं घसरगाडी ठरवून टाकलंय.

ट्रक मुंद्र्याहून येतात, जीजे बारा.
आधी माझ्याकडं, भरलेला, मग रिकामा.
मधला फरक म्हणजे लाकूड.
पाइन, सहा हजार चारशे ऐंशी किलो.
पाइन, सात हजार दोनशे.
एक पावती त्यांची, एक ड्रायव्हरची,
गुलाबी मी खिळ्याला टोचून ठेवतो.
अजून कुणी बसलं नाही तिच्यात,
पण तिचं वजन मला पाठ आहे.

जालन्यात रात्रंदिवस भट्ट्या सळई ओतायल्यात,
मग लाकूड कशाला? मी विचारलं.
मिस्त्री वसमतचा, कानामागं पेन्सिल.
डब्याच्या झाकणात ठेचा घेतला आणि म्हणाला,
"लोखंडाची गाडी गप जाते, भाऊ.
लाकूड हलतं. बोलतं.
बसणाऱ्याला वाटलं पाहिजे, आता तुटतंय.
तुटत नाही.
पण वाटलं पाहिजे."
त्यासाठी, म्हणे, बावीस हजार बोल्ट.

चैतात भर दुपारी ऐकू यायचं ते.
वर कुणी नाही, वारं नाही,
आणि सांगाडा आपला आपणच कडकडायचा.
पाइनला आमचं ऊन नवं.
टँकर येऊन त्याच्यावर पाणी मारून जायचा.
(आमचा टँकर चार दिवसांआड. नुसतं सांगायलोय.)

उत्पला, माझी पोरगी, वय सात,
शाळा सुटली की इकडंच.
तिकीटखिडकीला काच नाही अजून, गाडीला रंग नाही,
पण फाटकाशी पाटी आधी लागली:
एक अस्वल, हात आडवा धरून.
ह्या हाताखालून जाणाऱ्याला बसता येणार नाही.
ती खालून जाते.
दिवाळीत सुरू होणार होती, तेव्हा चार बोटं कमी.
मग संक्रांत म्हणाले. तीन.
आता म्हणायलेत मे,
आणि ती नाक दाबून दूध प्यायलीय.
"आधी कोण पुरं होईल, ती का मी?"
लाकूड वाढत नसतं बाई, त्याला जोडत जातात.
"मग मला पण जोडा."

परवा आलेला ट्रक लाकडाचा नव्हता. वाळू.
"पहिल्यांदा गोण्या बसणार," मिस्त्री म्हणाला,
"एका सीटला एक, पट्टा लावून.
माणसाएवढ्या भर. सत्तर, पासष्ट, एखादी पन्नास."
साठ टनी काट्याला माणूस काय कळतंय!
त्याची अक्कल दहा-दहा किलोची.
मोंढ्यातून भुसारवाल्याचा काटा आणला,
आणि सबंध दिवस मी माणसं भरत बसलो.
एकीचं तोंड बांधताना तर म्हणालो पण,
जाधव गुरुजी, जरा पोट आत घ्या.
शेवटची बावीस किलोची.
मिस्त्रीनं यादी पाहिली. "ही कुणाची?
एवढ्याचं कुणी बसत नसतं."
मी काही बोललो नाही.
त्यानं माझ्याकडं पाहिलं, पेन्सिल काढली,
यादीच्या खाली एक ओळ वाढवली.

आज पहाटे साखळी सुरू झाली.
टक, टक, टक, टक,
कुठूनही दिसावा असा एकच चढ आमच्या सपाटीवर,
त्याच्यावरून गोण्या चालल्यात वर.
उत्पलाला खांद्यावर घेऊन काट्यावर उभा राहिलो,
दुसरीकडून नीट दिसत नाही.
केबिनच्या काचेत लाल आकडा हलला,
मी सत्तर, ती बावीस,
काटा म्हणतो नव्वद.

वर टकटक थांबली.
तिनं माझे केस दोन्ही मुठींत धरले.
"पडली का?"
अजून नाही.