खसखस

अंगावर बारीक तपकिरी ठिपके, म्हणून खसखस.
नाव यांनी ठेवलं. मंदसौरकडून घेतली होती,
अफूच्या शेतांकडेनं चालवत आणली इंदूरला.
दारात उभी केली अन् म्हणाले, घे, तुझी सवत.

सवतच होती आधी.
माझ्या हातचा हरभरा हुंगायची, तोंड फिरवायची.
मग यांना एम. वाय.मध्ये नेलं ते तिथूनच गेले,
आणि चौथ्या दिवशी दाणा घेऊन मी तबेल्यात शिरले
तर तिनं माझ्या खांद्यावर हनुवटी टेकली.
जड असते घोडीची मान.
एवढा भार कुणी टाकला
की माणूस पडायचं विसरतो.

आता लग्नसराईत आम्ही दोघी.
तिच्या कपाळावर आरशांची पट्टी, गळ्यात घुंगुरमाळ.
मी साडीवर यांचा खाकी कोट.

मार्गशीर्षात मल्हारगंजातली एक वरात.
नवऱ्यामुलाची आत्या मला बघून म्हणाली,
लगाम हिच्या हातात? हिचा तर...
पुढचं बोलली नाही.
असली वाक्यं पुरी करावी लागत नाहीत.
लगाम गेला झांजवाल्या पोराकडे
आणि मी जनरेटरच्या गाडीमागे, धुरात.

खसखस हलेना.
ताशा झाला, फटाके झाले,
पोरानं ओढलं, कुण्या काकांनी पुठ्ठ्यावर थापटलं.
कलगी डोळ्यावर आलेला नवरदेव वरून ओरडला,
अरे, बोलवा ना त्यांना!
त्यांना, म्हणाला. पोरगं बरं होतं.

लगाम मी नाहीच घेतला.
दिव्यांच्या पलीकडून, अंधाराच्या बाजूनं गेले,
आयाळीखाली, घाम साचतो तिथं, तळवा ठेवला.
निघाली.
फोटोत मी कुठेच नसेन.
पण नीट बघा, तिचा डावा कान
उजेडाकडे पाठ करून वळलेला आहे.

रात्री दोनला राजवाड्यावरून परत.
झाडूवाल्या बाया रस्ता लोटत होत्या,
आम्हाला बघून त्यांनी झाडू आवरते घेतले.
एक म्हणाली, रिकामीच तर आहे, बस की वर.
मी म्हटलं, तीनशे नवरे वाहिलेत तिनं,
आता मी कशाला?
त्या खूप हसल्या. एकीला तर ठसकाच लागला.

जुन्या इंदुरात, घरी, साज उतरवला.
पट्ट्याखाली कातडं लाल झालेलं, तिथं खोबरेल.
मग एकेक खूर मांडीवर घेऊन साफ केला.
निघालं ते: माळेची तार, सोड्याचं बूच,
हिरव्या बांगडीचा तुकडा.
कुणाची, कशी फुटली, कोण जाणे.
कोटाच्या खिशात टाकला.

तीन पाय झाले.
चौथ्याला मी वाकायच्या आत
तिनं आपणहून उचलून धरला.