उंदरांना घर सापडलं का

आईच्या घाण्यावर बाजाराच्या दिवशी
उजाडायच्या आत रांग लागते.
ग्वेसानच्या बायका पोती घेऊन येतात,
दुल्क्केचं बी, मोहरीएवढं, राखेच्या रंगाचं,
आणि स्टुलावर बसून आपापल्या पोत्यावर डोळा ठेवतात.
एकीचं बी दुसरीच्या बाटलीत गेलं
तर वर्षभर अबोला.

मी शहरात त्याच बियांचा अर्क काढते.
गाळते, सुकवते, पेशींवर थेंब सोडते.
सूज उतरते. काचेच्या बशीत उतरते.
अहवालात मी लिहिते : कदाचित.
आई विचारते, एवढं शिकून एवढंच?

प्यो दॉक्सू म्हातारबा
माझी सुट्टी बरोबर हेरून येतात.
त्यांची इप्पुन मागल्या हिवाळ्यात
पायमोजे न घालता पुलापर्यंत गेली,
आणि पुलावर उभी राहून
येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतःचंच घर विचारत राहिली.
तेव्हापासून रोज सकाळी एक चमचा तेल.

"तुझ्या उंदरांचं काय झालं?"
पाण्यात पोहवतो आम्ही त्यांना, मी सांगते,
पाण्याखाली एक चौथरा लपवलेला असतो.
तेल खाल्लेल्यांना तो लवकर सापडला.
"म्हणजे घर सापडलं."
चौथरा, आजोबा.
"तेच ते."

माणसांचं अजून ठाऊक नाही, मी म्हणते.
रक्तातली चरबी थोडी सुधारते म्हणतात,
तेही थोड्याच लोकांवर पाहिलंय.
औषध बंद करू नका.
ते मान हलवतात, आईकडे वळतात :
"लहान बाटली दे. मोठी खवट होते."

खरंय. हे तेल फार हळवं,
उजेड सोसत नाही, ऊब सोसत नाही,
ज्या गुणासाठी घ्यायचं तोच आधी विटतो.
आई बाटलीला वर्तमानपत्र गुंडाळते.

आज इप्पुनही आली होती, बाही धरून.
भट्टीत बी तडतडलं, धूर दारापर्यंत आला,
आणि ती एकदम आईवर खेकसली :
"करपवतेस की काय, छुनशिम!"

घाणा चालूच होता.
आईचं नाव तिनं दोन वर्षांत घेतलं नव्हतं.
आईनं आच कमी केली, मुकाट्यानं.
म्हातारबांनी माझ्याकडे पाहिलं.

मी वही काढली नाही.
धुराला मात्रा नसते,
आणि बी खरंच करपत होतं.