फळ्यामागून

लॅकलन ड्यूअर, तुझा चेहरा मला नीट ठाऊक नाही.
चौतीस जुलै मी तुला पाहिलं
ते आकडा काढल्यावर फळ्यात पडणाऱ्या भोकातून.
वीतभर रुंद, वीतभर उंच,
आणि नवा आकडा अडकवेपर्यंतच.
कधी पाठ दिसायची, कधी टोपी,
कधी ग्रीनवर गुडघा टेकून
गवताला काहीतरी विचारणारा माणूस.

मी एफी. अठराव्या होलच्या फळ्यामागची.
वर्षभर धुरीघरात हॅडॉक टांगते,
जुलैत चार दिवस पत्र्याचे अंक.
आकड्यावर मासा, आकड्यावर आकडा,
हातांना तोच वास.
तुझ्या रांगेतल्या लाल आकड्यांना
वर्षानुवर्षं धुराचा वास येत असणार.
कुणी तक्रार केली नाही.

किनव्हारचा वारा समुद्रावरून येतो
आणि कुणाचं ऐकत नाही.
बाकीच्यांचा त्याच्याशी छत्तिसाचा आकडा,
पाठीला पाठ.
तू चेंडू त्याच्या हवाली करायचास,
शेजाऱ्याकडे किल्ली ठेवावी तसा,
आणि तो परत आणून द्यायचा, खड्ड्यापासून हातभर.
एका शुक्रवारी खरोखरच त्रेसष्ट झाले तुझे.
सहा आणि तीन, तोंडाला तोंड लावून,
रात्रभर फळ्यावर बोलत बसले.

पण मला आठवतं ते दुसरंच वर्ष.
फोनवरचा पोरगा म्हणाला, चौदावा होल, ड्यूअर, नऊ.
मी म्हटलं, पुन्हा सांग.
नऊ.
पुन्हा सांग.
अगं बाई, नऊ! दोन चेंडू काटेरी झुडपात गेले.

आमच्याकडे सहाचा आणि नऊचा पत्रा एकच.
देवाशपथ सांगते, हात चुकला नव्हता.
मी तो उलटा टांगला.
आणि अर्धा मिनिट
साऱ्या स्कॉटलंडमध्ये तूच पुढे होतास.
लोक ओरडले. टोप्या उडाल्या.
धुरीघरातल्या बायकाही कुंपणापाशी नाचत होत्या,
त्यांची सुटी मालकाला माहीत नव्हती.

तू पंधराव्याकडे चालला होतास.
थांबलास. वर पाहिलंस.
शेजारचं भोक मी अजून बुजवलं नव्हतं,
त्यातून मला दिसलं:
तू हसलास, आणि एक बोट हवेत धरून
हळूच फिरवलंस.
उलटा कर.

मी केला.
गर्दीतून जो आवाज निघाला
तो होडी धक्क्यावर आपटावी तसा
फळीतून माझ्या छातीत आला.
त्या दिवशी तू एका फटक्याने हरलास.
मला नोकरीवरून कुणी काढलं नाही,
म्हणजे तू कुणाला बोलला नाहीस.

आज तुझी कंबर दुखते हे मला इथून कळलं,
तू खड्ड्यातून चेंडू काढताना कॅडी आधी वाकला तेव्हा.
सकाळी तुझ्या नावाच्या फळीवरची धूळ पुसली.
दोनदा रंगवलेली आहे ती, ड चा रंग तरीही उडालाय.
पोरग्याने फोन केला. ब्याऐंशी.
आवाज खाली आणून सांगितलं त्याने,
आजारी माणसाच्या खोलीत बोलावं तसं.

आठ टांगला. काळा. सरळ.
आठ उलटा केला तरी आठच, हे एक बरं.
दोन हातात घेऊन उभी राहिले.

भोक उघडं होतं.
त्यातून पूल दिसला, पुलावर तू,
आणि वारा तुझ्या टोपीशी खेळत होता.
फोन वाजला. वाजू दिला.
खाली कुणीतरी म्हणालं, फळा अडकला वाटतं.
तू कठड्याला हात लावलास,
वळून एकदा समुद्राकडे पाहिलंस,
क्लबहाऊसच्या पायऱ्या चढलास, एक पाय मागे ओढत.
दार उघडलं. दार मिटलं.

फोन अजून वाजत होता.
मग मी दोन टांगला.