वांक

आचऱ्याच्या खाडीवर मोडलेल्या होडीचे
सात वांक मी विकत घेतले, वजनावर.
काटेवाला म्हणाला, लोखंड आहे काय?
म्हटलं, किंजळ.

ओलं असताना करवतीला थोडी दाद देतं.
वाळलं की सकाळी लावलेली धार
पेजेच्या वेळेपर्यंत टिकत नाही.
रंध्याखाली एकीकडून गुळगुळीत,
दुसरीकडून चिडलेल्या मांजराची पाठ.

उन्हात टाकलं तर टोकापासून चिरतं,
म्हणून बाबल मेस्त्री ओंडके
खाडीच्या चिखलात पुरायचा, दोन दोन पावसाळे.
जागा त्याला एकट्याला ठाऊक.
गेला तेव्हा तिघांचा पत्ता सांगायचा राहिला.

"किंजळाक आधी वाट देवची लागता,
मगे खिळो."
गिरमिटातून तपकिरी भुसा यायचा,
घामाने आणि लोखंडाने बोटं काळी व्हायची,
जेवणाच्या ताटातसुद्धा काळीच.

कार्तिकात किंजळाला फळं धरून
डोंगर गंजल्यासारखा दिसायचा,
तेव्हा तो वाकवलेली तार घेऊन रानात फिरायचा,
झाडाझाडाच्या कोपराला लावून बघायचा.
होडीचा वांक करवतीने वाकडा करायचा नसतो,
वाकडा वाढलेला शोधायचा असतो.
सरळ ओंडक्यांची त्याने मुसळं केली,
आगुस्तीन लोबोच्या घराची तुळई केली.
ती अजून आहे. घरात कोणी नाही.

आता तारकर्लीच्या हॉटेलवाल्याला टेबल हवं.
रस्टिक, तो म्हणाला. चार वेळा म्हणाला.
खिळ्यांची भोकं दिसू देत, डाग राहू देत,
वर काच बसवा.
भोकं बघत बसलो मी एक अख्खी दुपार.
एकही चिरलेलं नव्हतं.
प्रत्येकाला आधी वाट दिलेली.

श्रावणात फोन आला:
मेस्त्री, टेबलाला घाम येतोय,
काचेखाली पांढरं काहीतरी धरलंय.
जिभेला लावून बघा, म्हटलं.
तो हसला. मी हसलो नाही.
मग म्हणालो, मीठ असेल, फडक्याने पुसा,
परत येईल, परत पुसा.

सहाच वांक लागले त्या टेबलाला.
सातवा खोपीच्या दाराला टेकवून ठेवलाय,
वाऱ्याने दार आपटू नये म्हणून.
गिऱ्हाईकं विचारतात, हा कितीला?
मी म्हणतो, वजन करून सांगतो,
आणि काटा आणायला जात नाही.