उलगडू नको, काप

आज उद्यमनगरात लाईट नाही.
खालच्या गाळ्यातली लेथ गप्प, म्हणून
गच्चीवर कटरचा आवाज ऐकू येतो. टक्.
थांबून पुन्हा, टक्.

भूपालमामा लोखंडी खुर्चीत, एका डोळ्यावर हिरवी पट्टी,
दुसऱ्या डोळ्याची पाळी दिवाळीनंतर.
बोटं मांडीवर, हत्यारं पुसून ठेवावीत तशी.
"नांद्रुक आधी घे," म्हणतो, "त्याला लई दिवस झालं."

झालेतच.
चैत्रात तार सालीवर नुसती टेकली होती,
आता आत आहे. साल दोन्ही कडांनी फुगून
तिच्यावर मिटत आलीय.
काही वेढे दिसतच नाहीत, बोटाला कळतात फक्त.

तार शिरोळकडच्या कुणाच्या तरी पाच एचपीची.
जळलेली मोटर यायची, मामा गुंडाळी उपसायचा,
वार्निश जाळायला तांबं विस्तवात टाकायचा.
ते लाल व्हायचं, मऊ पडायचं,
मग त्या मऊ तांब्यानं गच्चीवर झाडं वाकायची.
भंगारवाला विचारायचा, तांबं कुठाय?
मामा म्हणायचा, झाडाला लागलंय.

आणि काढायचा तेही वेढा वेढा उलटा फिरवून,
सरळ करून, गेजप्रमाणे खिळ्यांवर टांगायला.
चिंचेची एक फांदी त्यात गेली. बोगनवेलीच्या दोन.
मामी ओरडायची.
"तांब्याचा भाव ठाऊक हाय का?" हे त्याचं उत्तर.

म्हणून आज मीही सवयीनं टोक धरलं,
उलटं फिरवायला लागले, तर खुर्चीतून आलं:
"उलगडू नको गं. काप."
"वाया जाईल की."
"जाऊ दे. वेढ्यावेढ्याला काप.
कटरचं नाक तारेवर, सालीवर नको.
तुकडा आपोआप पडतोय."

"कापतो, मामा."
टक्. नखाएवढी कमान ट्रेमध्ये.
टक्. इथं जरा खोल गेलं,
पांढरा चीक आला, थेंबभर.
दिसलं नसणार त्याला, तरी म्हणाला, "राख लाव."

तिसऱ्या फांदीवर तो आपणहून बोलला,
सीपीआरमधल्या त्या रात्रीचं.
मामीचा हात कोपरापर्यंत सुजून चकाकत होता
आणि पाटली मनगटात रुतलेली.
नर्स म्हणाली, कापावी लागेल. हा म्हणाला,
थांबा, साबण आणा, दोन तोळ्याची आहे.
"पाऊण तास फिरवत बसलो गं मी."

पुढचं मला माहीत होतं.
पाटली शेवटी वॉर्डबॉयनं कापली.
तिचे दोन तुकडे मामानं गुजरीत कधी नेले नाहीत.
खाली टेबलाच्या खणात आहेत,
कार्बन ब्रशच्या खोक्यात.

मी काही बोलले नाही. टक्.

बुंध्याजवळचा एक वेढा झाडानं गिळलाय.
दोन्ही टोकं कापली, मधलं निघेना.
चिमट्यानं ओढू का, विचारलं.
"राहू दे. आता ते त्याचंच."

शेवटची तार सुटली तशी वरची फांदी
दोन बोटं वर आली. सावकाश, कुणी बघत नाही असं समजून.
"राहिली का वाकवलेली?"
"राहिली."
त्यानं अंदाजानं हात पुढे केला,
फांदीखाली अंगठा घातला,
सालीवरचा पीळ चाचपत गेला,
पाइपचे आटे तपासावेत तसा, शेंड्यापर्यंत.
"खोटं बोलतीस," म्हणाला.
हात मात्र तिथंच.

मग लाईट आली. खाली लेथ फिरली,
गच्चीची फरशी गुणगुणली,
ट्रेमधलं तांबं बारीक थरथरायला लागलं.
मामानं कान दिला त्या आवाजाला, थोडा वेळ.
"दोनशे ग्रॅम तरी भरंल," म्हणाला.