निळा सरकलाय

हेमांगी म्हणायची, चित्रांची पुस्तकं म्हणजे
पँटवरून चड्डी घालून उडणारे बाप्ये.
आधी इमारती पाडायच्या, मग जग वाचवायचं.
"भाच्याला दे. तो आठ वर्षांचा आहे."
मी सेहेचाळीसचा.

शरणपूर रोडच्या रद्दीवाल्याकडून
किलोच्या भावानं आणलेले माझे गठ्ठे
ती केर काढताना पायानंच
दिवाणाखाली सरकवते. मी बोलत नाही.
लग्नाला एकोणीस वर्षं झाली की माणूस
बोलायच्या जागा राखून ठेवतो.

ती नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा तपासते.
दिवसभर तोच चेहरा, तोच चष्मा.
शाई फुटली, आकडा कलला,
कडेची रेघ तुटली की शीट बाजूला.
घरी आल्यावर म्हणते,
आता मला काही दाखवू नकोस,
भिंतसुद्धा नको.

द्राक्षांचे दिवस. मखमलाबादहून मावसभावाची पेटी आलेली.
शनिवार, म्हणून लाईट दुरुस्तीसाठी गेलेली.
वाडग्याखाली मी ते एक पुस्तक ठेवलं.
त्यात कुणी उडत नाही.
एक बाई आहे, घड्याळं दुरुस्त करते,
सकाळी चहा टाकते, दुकान उघडते, बंद करते.
शंभर पानं.

ओल्या बोटांनी तिनं ते अकरा मिनिटांत संपवलं.
"काहीच घडत नाही.
आणि सोळा पानांवर तर अक्षरच नाही. पैसे परत माग."
मी म्हटलं, तू फक्त अक्षरं वाचलीस.
"मग काय वाचायचं?"
म्हटलं, शीट तपासतेस तसं बघ.

हे बोलायला नको होतं.
कामाची थट्टा तिला खपत नाही.
वाडगा उचलून ती आत गेली
आणि बराच वेळ नळ वाहत राहिला.

रात्री दीडला स्वयंपाकघरात दिवा.
तांदूळ निवडायचा चष्मा लावून ती टेबलाशी,
बोट एका चौकटीवरून दुसरीवर.
"ये इकडे. चूक सापडली."
पान बारा, ओट्यावर दोन कप.
पान वीस, दोन. भरलेला एकच.
तेहतीस, दोन.
"आणि इथे, एक्केचाळीसवर, एक.
चित्रकार विसरला."

मग ती स्वतःच गप्प झाली.
पानं मागे नेली, परत पुढे आणली.
फ्रिजची घरघर थांबली, पुन्हा सुरू झाली.
"विसरला नाही," ती म्हणाली.
आणि थोड्या वेळानं,
"आईकडे अजून दोन असतात."

देवळालीला, कॅम्पातल्या त्या दोन खोल्यांत
सासरे नसल्याला सहावं वर्ष.
मी महिन्यातून एकदा तरी जातो,
तो दुसरा कप समोर येतो, मी पितो.
मला वाटायचं, जावयासाठी काढलाय.

आता ती बसमध्ये वाचते,
वर्तमानपत्राचं कव्हर घालून,
प्रेसमधल्या बायका हसतील म्हणून.
द्वारकेपासून बिटकोपर्यंत सहा पानं,
त्याहून जास्त नाही, असा तिचा नियम.
मलाच दटावते,
तू भराभर उलटतोस. दोन चौकटींच्या मधल्या
पांढऱ्या पट्टीत किती दिवस गेले
ते मोजतोस का कधी?
मी मोजत नव्हतो. तीस वर्षं वाचतोय
आणि मोजत नव्हतो.

मारामारीची पुस्तकं अजून नकोच म्हणते.
गठ्ठे दिवाणाखालीच आहेत,
फक्त केरसुणी त्यांना वळसा घालून जाते.

काल एक पुस्तक परत कपाटात ठेवताना
समासात पेन्सिल दिसली,
तिचं ऑफिसातलं ताठ, उभं अक्षर:
पान ६३. निळा सरकलाय, केसभर.
तरी ठेवावं.
खाली सही. तारीख.